डुकराच्या तोंडातली लोकवर्गणी

सरकारी अर्ज लिहावा तर मीच! हे मी नाही म्हणत, सगळं दोल्गोगे गाव म्हणतं. म्हणजे आई म्हणते. म्हणजे एकदाच म्हणाली. मावशीनं फोनवर माझ्या लग्नाचं काढलं, तेव्हा मुलाबद्दल काहीतरी चांगलं सांगायला हवं म्हणून. पण म्हणाली!

शिक्षण माझं बेताचं. राजधानीत, सोलला राहून सरकारी नोकरीच्या परीक्षा देत होतो, पण सरकारला मी दरवेळी नको होतो. मग गावी आलो आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून अर्ज लिहायला शिकलो. कुणाच्या ग्रीनहाउसचं अनुदान, कुणाच्या विहिरीचं. म्हटलं, सरकार मला पगार देत नाही ना, मग दुसऱ्यांना तरी पैसे द्यायला लावतो! सूड असा हसत हसत घ्यायचा असतो.

तर मंडळी, आमची भातगिरणी. पत्र्याची, लाकडी खांबांची, आजोबांच्या लहानपणी बांधलेली. मालक वारला, मुलांनी हात वर केले, यंत्र भंगारात गेलं आणि इमारत तालुका कचेरीच्या ताब्यात आली. आणि कचेरीच्या लेखी ऐतिहासिक वास्तू म्हणजे काय? जी पाडायला उशीर झालाय ती!

कचेरीतले जू साहेब माझ्याच वयाचे. मी नापास झालो त्याच परीक्षेत ते पास झालेले. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "प्यो, बाहेरून दुरुस्तीचे पैसे आले तर ठीक. नाहीतर वसंतात सपाट करून पार्किंग."

"साहेब, गावात गाड्या आहेत कुठे?"

"पार्किंग झालं की येतील."

आता गिरणी काही ओस पडलेली नव्हती. नोव्हेंबर संपत आला की गावातल्या सगळ्या बायका तिथे जमून वर्षभराची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायच्या. कोबीचे डोंगर, मिठाच्या पाण्याचे टब, कोपरापर्यंत तिखट, आणि तिखटापेक्षा झणझणीत गप्पा! घराघरांत एवढी जागा नाही. ज्येष्ठांचा हॉल आहे, पण तो आजोबा लोकांनी पत्ते कुटायला कायमचा बळकावलाय. आणि उघड्यावर करावं तर तेव्हा गार वाऱ्यानं बोटं झडून पडतील.

बायकांच्या मंडळाच्या अध्यक्ष जॉमसून काकू. आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडचं कुत्रं बसतं. गावात एकटे पडलेले म्हातारेकोतारे होते, ज्यांची पोरं शहरात गेली ती गेलीच. त्या प्रत्येक घरी काकू किमचीचा मोठा डबा पोचवायच्या. हिवाळाभर त्या लोकांचं जेवण म्हणजे भात आणि तो डबा.

"गिउंग, गिरणी वाचव रे," काकू म्हणाल्या. कचेरीत मी आडनावानं प्यो, गावात नुसता गिउंग. "छप्पर गळतंय तर गळू दे. भिंती राहू देत फक्त."

"काकू, छपराचं काय घेऊन बसलात! अशी नटवतो गिरणी की सोलचे लोक फोटो काढायला येतील!"

"सोलवाल्यांचं लोणचं घालू? मला कोबी ठेवायला जागा हवी."

मी असा अर्ज लिहिला की लिहिताना मलाच रडू आलं! बाकीचे लोक लिहितात इतिहास, वारसा, बांधकामशैली. मी लिहिलं, माणसं. गावाचा जीव इथे जमतो वगैरे. मंजुरीची पहिली पायरी पार! फक्त दोन अटी. एक, पाहणी समिती येऊन गाव ही जागा खरंच वापरतं का ते बघणार. दोन, गावानं स्वतःची लोकवर्गणी घालायची, तीही समिती येईपर्यंत.

मी ज्येष्ठांच्या हॉलमध्ये गेलो. "मंडळी, गिरणीसाठी घरटी थोडी थोडी वर्गणी..."

कुणीतरी टीव्ही मोठा केला.

"वर्गणी हो, वर्गणी!" मी ओरडलो.

"माझी झाली सकाळीच," एक आजोबा म्हणाले आणि त्यांनी पत्ता टाकला.

गावचे प्रमुख मा काका तिथेच लोळत होते. ते एका कोपरावर उठले. "गिउंग, सरकार पैसे देणार म्हणालास ना? मग आमच्याकडून घेऊन आम्हालाच देणार असेल, तर ते आम्ही घरी बसूनही करू शकतो!"

सगळे हसले. मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो.

आणि घरी जाताना वाटेत डोक्यात वीज चमकली! मागच्याच महिन्यात याच मा काकांनी नवा टेम्पो घेतला, तेव्हा गोसा, म्हणजे शुभारंभाची पूजा, घातला होता. टेम्पोसमोर चौरंग, चौरंगावर डुकराचं उकडलेलं मुंडकं, एकेकानं यायचं, लोटांगण घालायचं आणि डुकराच्या तोंडात नोट खोचायची. हॉलमध्ये ज्यांना वर्गणी ऐकू येत नव्हती, त्या सगळ्यांनी तिथे नोटा खोचल्या होत्या! कारण चारचौघांसमोर डुकराला रिकाम्या हातानं कोण भेटणार? आणि पुढच्यानं पिवळी पन्नास हजार वॉनची खोचली, तर मागच्यानं निळी हजाराची खोचायची म्हणजे जन्मभराची शोभा! माझ्याच गावचे लोक, माणसाला नाही म्हणतील. डुकराला नाही म्हणणार नाहीत!

ठरलं! समिती यायची त्याच दिवशी सकाळी गिरणीत गोसा. वर्गणीची वर्गणी, आणि समितीला दिसणार, गाव जागा वापरतंय! एका डुकरात दोन अटी!

आईला सांगितलं. आई म्हणाली, "दुसऱ्याच्या खिशात हात घालायचा असला की बरी अक्कल चालते तुझी."

बाजारात खाटकाकडे गेलो. तो म्हणाला, "हसरं देऊ की साधं?"

"फरक काय?"

"हसरं महाग."

"नुसतं हसतंय म्हणून?"

"मरताना हसणारे कमी असतात, दादा."

घेतलं हसरं.

इथपर्यंत सगळं लोण्यासारखं चाललं होतं. मग उनसुक ताई आल्या. उनसुक ताई म्हणजे आमच्या चर्चच्या कारभारीण. अर्धं गाव त्यांच्या चर्चला जातं आणि उरलेलं अर्धं त्यांना घाबरतं.

"गिउंग, आम्ही डुकरापुढे वाकणार नाही."

"वाकू नका ताई. पाकिटात घालून द्या ना. आधी तुमची प्रार्थना ठेवू."

"डुक्कर समोर हसत असताना? प्रार्थना?"

"झाकतो!"

जॉमसून काकू मागेच उभ्या होत्या. "झाकतो? गोसाला डुक्कर झाकतात? तुझ्या लग्नात नवरी झाकू का?"

"काकू, मिळू तर द्या आधी!"

शेवटी तह झाला. आधी प्रार्थना, तोवर डुक्कर निळ्या ताडपत्रीखाली. प्रार्थना संपली की चर्चवाले बाहेर, ताडपत्री वर, गोसा सुरू. दोन्ही आटोपलं की मग दुपारी समिती येणार. दोन्हीकडून पैसे! मला तर वाटायला लागलं होतं की मी चुकून जन्माला आलोय या गावात, खरं तर अर्थमंत्री व्हायचा मी! तालुक्याच्या वर्तमानपत्राच्या बातमीदारालाही बोलावलं. म्हटलं, फोटो यायला हवा.

आला.

सकाळ झाली. प्रार्थना सुरू झाली. उनसुक ताईंनी डोळे मिटले आणि देवाला गावातल्या एकेका घराची माहिती द्यायला सुरुवात केली. कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाचा मुलगा पितो. ती यादी अर्ध्यावर आली असेल, तोच दारात गाडी थांबली. पाहणी समिती! रस्ता रिकामा मिळाला म्हणून लवकर पोचली!

पुढे प्रोफेसर वू. जुन्या इमारतींचे मोठे जाणकार, समितीचे प्रमुख. मागे दोन गप्प माणसं आणि त्यांच्या मागे घामाघूम जू साहेब.

"वा!" प्रोफेसर कुजबुजले. "किती जिवंत जागा! आणि ताडपत्रीखाली काय आहे?"

मला सांगता आलं असतं. डुक्कर आहे, साहेब. तीन शब्द. पण प्रार्थना चालू होती, ताईंचा एक डोळा उघडला होता, आणि माझ्या तोंडून निघालं, "यंत्र."

"यंत्र? गिरणीचं मूळ यंत्र? अर्जात तर भंगारात गेलं म्हणून लिहिलंय!"

"सापडलं."

त्या माणसाचे डोळे असे लकाकले, जसं हरवलेलं पोर जत्रेत सापडावं! मी "साहेब, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी ताडपत्रीचं टोक धरून ती खर्रकन ओढली.

डुक्कर हसलं.

चर्चवाल्यांच्या पहिल्या रांगेतून एक किंकाळी आली, आणि मग सगळ्या रांगांतून. "आमेन!" उनसुक ताई गरजल्या. तो प्रार्थनेचा शेवट होता की मला शिवी, ते मला आजही माहीत नाही. आणि जॉमसून काकू पुढे सरसावल्या. "आता उघडलंय ना! उघडं डुक्कर ताटकळत ठेवायचं नसतं. वाजवा!"

घंटा, ढोल, सगळं एकदम सुरू! इकडे चर्चवाल्यांनी हट्टानं भजन धरलं, तिकडे ढोलवाल्यांनी त्याहून हट्टानं ढोल. छपरावरची कबुतरं उडाली ती परत आली नाहीत.

मा काका सकाळपासून तांदळाच्या दारूच्या भांड्याची राखण करत होते. मन लावून केली होती राखण. त्यांनी थेट प्रोफेसरांच्या दंडाला धरलं. "पाहुण्यांचा मान पहिला! या, साहेब, या!"

"नाही नाही, आम्ही फक्त बघायला..."

"डुकराला नाही म्हणता?"

ढोल थांबला. सगळं गाव बघायला लागलं. चर्चवालेसुद्धा! प्रोफेसर वू हे आमच्यातलेच ना शेवटी? अशा वेळी नाही म्हणणारा माणूस आपल्या देशात अजून जन्मायचाय. त्यांनी बूट काढले, छान लोटांगण घातलं, पाकीट उघडलं आणि एक पिवळी नोट डुकराच्या ओठांत खोचली.

काय टाळ्या! आणि मग जे झालं, ते मी स्वप्नातही बघितलं नव्हतं. पाहुण्यानं पिवळी खोचली म्हटल्यावर गावकऱ्यांनी दहा हजारांची हिरवी कशी खोचायची? सगळ्यांच्या पिवळ्या! सकाळीच वर्गणी झालेले आजोबा, पिवळी! मा काका, पिवळी! तोंड भरलं, नाकपुड्या भरल्या, कानांत नोटा खोचल्या. डुक्कर नवऱ्या मुलासारखं नटलं. मी तर नाचत होतो हो!

नाचता नाचता जू साहेब दिसले. त्यांचा चेहरा कोबीसारखा पांढरा.

"प्यो," ते म्हणाले. "समितीच्या प्रमुखानं अर्जदाराला रोख पैसे दिले."

"दिले ना! मन किती मोठं!"

"अरे, ज्यांना गुण द्यायचे त्यांनाच पैसे? हितसंबंध! कॉफीचा डबा घेतला तरी चौकशी लागते इथे! समिती बाद, पाहणी बाद, सगळं बाद! आत्ताच्या आत्ता त्यांची नोट परत द्या!"

मी डुकराकडे धावलो आणि तोंडात हात घातला. फाट्कन! जॉमसून काकूंनी माझ्या मनगटावर चापट मारली.

"गोसाच्या दिवशी डुकराच्या तोंडातनं पैसे काढतोस? गिरणी जळायला हवीये का?"

"काकू, प्रोफेसरांची नोट चुकून..."

"डुकराला चुकून कुणी देत नाही!"

"पण यातली माझी कुठली?" प्रोफेसरांना आता चौकशीचा अर्थ कळला होता. ते गुडघ्यांवर बसले. "माझी कोरी होती. नवी कोरी!"

"सगळ्यांच्या कोऱ्या आहेत, साहेब," मा काका म्हणाले. "डुकराला काय चुरगळलेली देतात?"

"खालून दुसरी असेल," एक आजोबा.

"नाही, डाव्या गालात," दुसरे. "मी मागेच होतो ना!"

प्रोफेसरांनी डाव्या गालात हात घातला. खोल. आणि त्याच क्षणी लख्खकन प्रकाश पडला. बातमीदार! मीच बोलावलेला!

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर: गुडघ्यांवर बसलेले प्रोफेसर वू, कोपरापर्यंत हात डुकराच्या तोंडात, मुठीत नोटा. खाली मथळा, 'अनुदान समितीची पाहणी'. एवढंच. एक शब्दही खोटा नव्हता, म्हणून कुणाला काही बोलताही येईना.

चौकशी झाली. त्यात निघालं ते असं: कचेरीच्या मालकीच्या जागेत विनापरवाना कार्यक्रमातून आलेलं उत्पन्न, म्हणजे ते कचेरीचं! डुकराच्या तोंडातले, नाकातले, कानातले सगळे पैसे सरकारी तिजोरीत जमा झाले. चर्चची पाकिटं उनसुक ताईंनी त्याच दिवशी परत नेली, आणि त्यातून चर्चला नवा लाउडस्पीकर आला. लोकवर्गणी शून्य. गावात मला कुणी काही बोललं नाही. नुसते बघायचे. बाजारात खाटीकसुद्धा बघायचा.

पण गिरणी पडली नाही बरं का! फोटो एवढा फिरला की आता ती पाडायची म्हणजे कचेरीची आणखी छी थू. जू साहेबांच्या वरच्या साहेबांनी ठरवलं की गावकऱ्यांच्या हाती काही ठेवायला नको. शहरातल्या एका संस्थेला काम दिलं. त्यांचे कागद असे चोख की बघत राहावं. आणि खोटं कशाला बोलू, दुरुस्ती त्यांनी सुरेख केली. खांब तेच, वर काळं नवं छप्पर, खाली चकचकीत लाकडी जमीन, पिवळे दिवे, आपोआप सरकणारं काचेचं दार. सोलचे लोक खरंच फोटो काढायला यायला लागले.

संस्थेला एक स्थानिक तरुण नोकरीवर घ्यायची अट होती. स्थानिक तरुण गावात एकच. मी व्यवस्थापक झालो! गळ्यात ओळखपत्र. आईनं मावशीला फोन केला.

मग नियम आले. जमिनीवर पाणी नको. मीठ नको. वास येणारं काही नको. वापरायचं असेल त्यानं आधी वेबसाइटवर अर्ज करायचा. मी भांडलो संस्थेशी. म्हणजे ईमेल केला. 'आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत' असं उत्तर आलं. मी पुन्हा लिहायला हवं होतं. पण पहिलाच पगार नुकताच झाला होता.

नोव्हेंबरच्या शेवटी सकाळी ट्रॅक्टर आला. ट्रॉलीभर कोबी, मागे सगळ्या बायका, गुलाबी रबरी हातमोजे घालून. सांगितलं नव्हतं का मी त्यांना? नव्हतं. सांगीन सांगीन म्हणत होतो.

दार आपोआप सरकलं. सगळ्या दारातल्या पायपुसण्यावर गोळा झाल्या.

"काय रे," जॉमसून काकू म्हणाल्या, "बूट बाहेर काढू का आत?"

"काकू, इथे किमची नाही करता येणार."

"का? छप्पर गळतंय?"

"नाही. आता नाही गळत."

"मग?"

"वास..."

"कसला?"

"किमचीचा."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. उनसुक ताईंनी मान आत घालून नाक वर केलं. "मग हा कसला वास येतोय?"

"लॅव्हेंडर, ताई."

काकू समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. तिथे संस्थेनं भिंतभर मोठा फोटो लावलाय. जुनी गिरणी, कोबीचे ढीग, मधोमध एक बाई, कोपरापर्यंत तिखट, तोंड उघडून हसतेय.

"ही मी का?"

"हो काकू."

"ही आत चालते वाटतं?"

सगळ्या वळल्या. घोळक्यात आईही होती, ती तर सगळ्यांच्या आधी वळली.

त्यांनी बस थांब्याच्या आडोशाला केली किमची. वारा असा की टबातलं पाणी वरून गोठायला लागलं. निम्मी झाली आणि हात चालेनात. ज्याची त्याची घरापुरती झाली, एवढंच. एकट्या म्हाताऱ्यांचे डबे त्या वर्षी गेले नाहीत.

डिसेंबरात संस्थेच्या मोठ्या साहेबांचा फोन आला. मला वाटलं, कुणीतरी तक्रार केली. बरं वाटलं जरा.

"प्यो! कमाल केलीस! नोव्हेंबरचे आकडे बघतोय. एका दिवसात एवढे गावकरी? सगळ्या प्रकल्पांत आपण पहिले!"

मला कळेचना. मग लक्षात आलं. दाराच्या चौकटीत माणसं मोजायचं यंत्र बसवलंय. पायपुसण्यावर कुणी आलं की मोजतं. तिथूनच माघारी गेलं तरी मोजतं. बायका आल्या तेव्हा एकदा मोजल्या, आणि गेल्या तेव्हा पुन्हा.

"लोकांनी वास्तू आपली मानली, हेच तर हवं होतं!" साहेब म्हणाले. "काय केलंस काय त्या दिवशी?"

"किमचीचं होतं साहेब. बायकांचं."

"वा! पुढच्या वर्षीही ठेव हं!"

"ठेवतो साहेब," मी म्हणालो.